एका दुपारपुरता नियम

“लॉग कधी खोटं बोलत नाही रे. वाचणाराच डोळे मिटतो.” काम शिकवणारे गुरुजी टेबलावर बोट आपटत म्हणायचे. वीस वर्षं झाली त्याला. आज सर्व्हरच्या खोलीत, पंख्यांच्या घरघरीत, तो आवाज ऑफिसची मेल सांभाळणाऱ्या त्याच्या कानाशी आला.

स्क्रीनवर नकाशा विभागातल्या ताईंच्या मेलचा लॉग, म्हणजे यंत्राची नोंदवही, उघडा होता. पाठवणारा कोण, विषय काय आणि मेल शेवटी कुठे ठेवली, एवढंच त्यात असतं. ताईंनी तपासायला सांगितलं म्हणून सकाळी त्याने स्वतः त्यांना चाचणीची मेल पाठवली, ती क्षणात पोचली. साहेबांच्या पोचत होत्या, छपाईवाल्यांच्या पोचत होत्या. फक्त ताईंच्या भावाच्या नावापुढे दर वेळी एकच जागा लिहिलेली: डेव्ह-नल. यंत्रातली तळ नसलेली विहीर. तिथे टाकलेलं बुडाल्याचा आवाजही येत नाही.

अकरा नोंदी. अकरा रविवार. पत्रं समुद्र ओलांडून दारापर्यंत आली आणि दारातूनच विहिरीत गेली.

त्याने ताईंच्या मेलच्या नियमांची फाइल उघडली. या पत्त्यावरून येईल ते थेट डेव्ह-नलमध्ये, असं सांगणाऱ्या तीन ओळी. वर त्याच्याच हातची टीप: ‘तात्पुरतं. डिस्क भरली आहे. संध्याकाळी काढणे.’

आठवलं. त्या दुपारी सगळं ऑफिस त्याच्या नावाने ओरडत होतं. ताईंचा भाऊ बोटीवर नोकरीला; समुद्राचे भलेमोठे फोटो पाठवायचा. डिस्कला श्वास मिळावा म्हणून त्याने तेवढं एक दार लावून घेतलं होतं. मग संध्याकाळ झाली आणि तो घरी गेला.

त्याने तीन ओळी पुसल्या. टीपही पुसली. टीप पुसताना बोट जरा अडखळलं.

“काय पोस्टमास्तर, सापडला का चोर?”

ताई दारात उभ्या होत्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, बोटांना शाई.

“आता सगळं ठीक चालेल, ताई.”

“चालूच होतं की. साहेबांची मेल तर सुट्टीच्या दिवशीही चुकत नाही मेली.” त्या हसल्या. मग स्टूल ओढून बसल्या. “वाटेत काही अडकून पडलं होतं का? भावाचं?”

“अडकलेलं... काही नाही.”

हे खरं होतं. अडकलं नव्हतं, बुडालं होतं.

“मग झालं तर.” ताई बोटांवरची शाई चोळत राहिल्या. “वहिनी फोनवर सांगत होती, दर रविवारी लिहितो म्हणे. नवऱ्याची बाजू सावरते बिचारी. आई गेली तेव्हा मी नको ते बोलले त्याला. मग मेल करून माफी मागितली. तेव्हापासून एक अक्षर नाही. माफीला असंही उत्तर असतं, पोस्टमास्तर.”

खापर मशीनच्या डोक्यावर फोडलं असतं, तरी मशीन कुठे बोलणार होतं?

“मला फक्त खात्री करायची होती,” ताईंनी पर्समधून फोन काढला. “आता त्याचा पत्ता, नंबर सगळं पुसून टाकते. रोज सकाळी उघडून बघायचं आणि दिवसभर जिवाला घोर. पुरे झालं. ते पुसायचं कसं, तेवढं दाखव.”

फोन त्याच्यापुढे आला. भावाचं नाव उघडं होतं.

“ताई, थांबा.” त्याने फोन पालथा ठेवला. “लिहिलंय त्यांनी. अकरा पत्रं. सगळी इथवर आली होती. मी एका दुपारपुरता नियम लावला आणि काढायला विसरलो. मशीनची चूक नाही. माझी आहे. पत्रं आता मिळणार नाहीत. लॉगमध्ये नुसते विषय उरलेत.”

पंखे फिरत राहिले. त्याने स्क्रीन ताईंकडे वळवली. त्यांनी तिकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेच पाहत राहिल्या.

“तू वाच,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून.”

त्याने डोळे पुसले आणि वाचलं, “वेडी आहेस का ताई, माफी कसली मागतेस?”