वाटाण्यांचा पाऊस

रेडिओ नवा नवा होता तेव्हा दुपारच्या गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमात पाऊस पाडायचं काम त्याच्याकडे होतं. गाणारी बाई पावसाचं गाणं धरायची आणि हा मायक्रोफोनशी पत्र्याच्या परातीत वाळलेले वाटाणे फिरवायचा. वाटाणे अर्थात बायकोच्या डब्यातले. केंद्रावरचे सगळे वाहवा करायचे, पण बायको मात्र त्याच्या पावसाला भीक घालायची नाही.

त्या दिवशी त्याने जीव ओतला. आधी टपटप, मग रिपरिप, आणि मग परात अशी गरगर फिरवली की गाणाऱ्या बाईच्या अंगावर काटा आला. कार्यक्रम संपताच परात बगलेत मारून, भर उन्हातून, तो दोन गल्ल्या पलीकडच्या घरी धावतच आला.

"ऐकलंस?"

"ऐकलं की."

"मग? कसा पडला आज?"

"कसला पाऊस न् कसलं काय! माझे वाटाणे खुळखुळत होते. मीच निवडलेले, मला ओळखू येणार नाहीत होय?"

त्याचा चेहरा एवढासा झाला. घामेजलेला सदरा बदलायला तो आतल्या खोलीत गेला, तर खाटेवर कपड्यांचा हा ढीग! चादरी, सदरे, टॉवेल, सगळे नुकतेच धुतलेले, अजून ओलेचिंब. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. कडकडीत ऊन पडलं होतं, आणि वाळत घालायच्या रिकाम्या दोरीवर एकच चिमटा, घाईत ओढलेल्या कापडाची चिंधी धरून, लटकत होता.

तो बाहेर आला.

"खरंय तुझं," गालातल्या गालात हसत तो म्हणाला, "वाटाणेच होते."