गॅरेजमधला फोटो

फोटोत ड्रमरच्या हातातली स्टिक ड्रमच्या बोटभर वर होती. काल ती चांगली वीतभर वर होती. तिला पक्कं ठाऊक होतं, कारण दादाच्या बँडचा हा फोटो तिनेच गॅरेजमध्ये काढला होता.

ऑनलाइन विश्वकोशातलं बँडचं पानही तीच सांभाळायची. पंक वाजवणारी चार पोरं, कॅसेट एकच. पण त्या कॅसेटवर जीव टाकणारे लोक अजून होते. शेजारी वैतागून भिंत ठोकायचे आणि दादा त्याच ठेक्यावर पुढचं गाणं धरायचा.

मग दादा गेला. ‘बँड संपला’ ही ओळ मात्र पानावर लिहायला तिचा हात कधी धजला नव्हता.

“आज तरी लिही बाई,” वहिनी म्हणाली. “उरलेले तिघं आजोबा झालेत. कुणाची वाट बघतेस?”

तिने ओळ लिहिली. जतन करण्याआधी पानावरच्या त्या फोटोकडे पाहिलं, तर स्टिकखाली केसभर फट उरली होती.

वहिनीने वाकून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. तिचा हात नणंदेच्या खांद्यावर घट्ट आवळला. “हे... हलतंय का गं?”

तिने शांतपणे ओळ पुसली.

“नाही लिहीत, वहिनी. ते आत्ता सुरू करतायत.”