पदरात बांधलेला फ्यूज

प्रमिलाबाईंना पंचवटीतल्या जुन्या घरातली ती दुपार अजून आठवते. ओल्या भिंतीला हात लागला की झटका बसायचा, म्हणून सुकदेव वायरमनला बोलावलं होतं. पोटमाळ्यावर चढण्याआधी मीटरजवळचा फ्यूज काढून घरातल्या बाईच्या हाती द्यायची त्याची रीत. “वहिनी, मी उतरेपर्यंत देवालासुद्धा देऊ नका.” त्यांनी तो पदराला बांधला. तोच यजमान टीव्हीवरच्या मॅचसाठी धावतपळत घरी आले. “फ्यूज दे!” “अहो, सुकदेवभाऊ वर तारा जोडताहेत.” “नसेल द्यायचा तर फ्यूजच्या जागी हा तारेचा तुकडा खुपसतो!” त्या आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. इतक्यात वरून आवाज आला, “आधीच्या वायरमननं जोड उघडेच ठेवलेत, टेपसुद्धा नाही! माझे दोन्ही हात त्यातच आहेत.” यजमानांनी तार फेकली, मीटरसमोर खुर्ची ओढली. शेजाऱ्यांनी मॅचला बोलावलं, तर म्हणाले, “सुकदेवभाऊ उतरल्याशिवाय मी इथून हलत नाही.”