दुमजली होडी

"दुमजली होडी, एकमताने मंजूर," अध्यक्ष म्हणाले आणि स्थायी समितीच्या सगळ्या सदस्यांनी बाकं वाजवली. मुख्य लेखापालांचा चष्मा पुसणारा हात जागीच थांबला.

होडी मंजूर व्हायची नव्हतीच. ती नामंजूर होण्यासाठीच अंदाजपत्रकात होती. शहराचा खर्च तपासणं हे समितीचं काम, आणि काहीतरी कापल्याशिवाय आपण काही तपासलं असं समितीला वाटत नसे. हे ओळखून लेखापालांनी फार वर्षांपूर्वी एक बळीचा बकरा पाळला होता: बागेतल्या तळ्यासाठी दुमजली होडी. तळ्यात पाणी गुडघाभर. बदकंसुद्धा तिथे पोहायच्या ऐवजी चालत जात. दरवर्षी सदस्य त्या होडीवर तुटून पडत, उधळपट्टी म्हणून टेबलावर मुठी आपटत आणि तिला उडवून लावत. मग समाधानाने चहा मागवत आणि गटारं, दिवे, दवाखाने यांच्या तरतुदी चहा निवायच्या आत मंजूर करून टाकत.

बकरा खरा वाटायला हवा, म्हणून लेखापाल होडीची बाजू जीव तोडून मांडत. दरवर्षी तिच्यात भर घालत. एकदा वरच्या मजल्याला निळा कठडा आला, एकदा पितळी घंटा, गेल्या वर्षी खिडक्यांना पडदे. होडी नामंजूर झाली की ते चष्मा काढून डोळे टिपत. होडीच का, उंट का नाही, असं बायकोने एकदा विचारलं होतं. उंटाला कठडा कुठे लावणार, असं त्यांनी उलट विचारलं होतं.

आज होडीच्या आडून त्यांना शाळेचं छप्पर पार न्यायचं होतं. बायको त्याच शाळेत शिकवत होती. छप्पर असं गळत होतं की बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला चालूच राही. मुलं एका हाताने छत्री धरून दुसऱ्या हाताने लिहीत. गेल्या आठवड्यात तर वाशाचा एक तुकडा थेट बायकोच्या टेबलावर येऊन पडला. छप्पर मंजूर करूनच घरी या, असं तिने सकाळी दारातच बजावलं होतं. लेखापाल लवकरच निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे त्या छपरासाठी भांडणारं कोणी उरलं नसतं.

"साहेब," अध्यक्ष म्हणाले, "इतक्या वर्षांत तुम्ही स्वतःसाठी काही मागितलं नाहीत. मागितलीत ती एक होडी. आणि आम्ही दगडाच्या काळजाची माणसं, दरवर्षी तुम्हाला रडवून घरी पाठवलं. आता जाताना तरी तुमची हौस पुरी करायची, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

पैसे कुठून आणणार, असं लेखापालांनी कसंबसं विचारलं. त्याचीही सोय झाली होती. शाळेच्या छपराची तरतूद होडीकडे वळवली होती. छप्पर काय, पुढच्या वर्षी बघू, असं उपाध्यक्ष म्हणाले. लेखापालांच्या डोळ्यांत या वेळी खरोखरचं पाणी आलं. ते पाहून सदस्यांचेही डोळे भरून आले आणि बाकं पुन्हा वाजली.

खरं बोलायची सोय नव्हती. इतकी वर्षं तुम्हाला बनवत होतो, हे भर सभेत कसं सांगणार? सांगितलं असतं तर छप्पर तर गेलंच होतं, पेन्शनही अडकली असती. लेखापाल आभार मानायला उठले. डोळ्यांपुढे सारखी दारातली बायको येत होती.

"आभारी आहे," ते म्हणाले. "फक्त एक शंका. होडी ठेवायची कुठे? उघड्यावर राहिली तर लाकूड कुजेल."

सगळे एकदम गंभीर झाले. होडी भिजणार ही कल्पनाच कोणाला सहन होईना. एकाने नाट्यगृह सुचवलं, दुसऱ्याने अग्निशमन दलाचं गॅरेज. तळ्याशेजारी शाळेचा मोठा हॉल आहे खरा, लेखापाल चाचरत म्हणाले, पण तिथे ठेवून उपयोग नाही, सगळी शाळाच गळते. अध्यक्ष संतापले. नव्याकोऱ्या होडीवर गळकं छप्पर म्हणजे काय? समितीने राखीव निधीतून सबंध शाळेला पक्कं छप्पर मंजूर केलं, तेही चहा निवायच्या आत. मुलांचा विषय कोणी काढला नाही. लेखापालांनीही शहाणपणाने काढला नाही.

छप्पर झालं. मग होडी आली. ती हॉलच्या दारातून आत जाईना, म्हणून सुतारांनी ती सुटी करून आतच जोडली. आता ती बाहेर निघायचा प्रश्नच नव्हता. हॉल होडीनेच भरून गेला, तेव्हा हॉलमधले वर्ग होडीत भरू लागले, लहान मुलं खाली आणि मोठी वर. वर्षानुवर्षं मागूनही न मिळालेली बाकं त्यांना होडीत आयती मिळाली. बायको नवऱ्यावर इतकी खूश यापूर्वी कधी झाली नव्हती.

निवृत्त झाल्यावर एक दिवस लेखापाल छप्पर बघायला शाळेत गेले. बाहेर धो धो पाऊस होता आणि आत टिपूस नव्हता. काम फत्ते झालं, आता घरी जावं, असं त्यांच्या मनात आलं. पण पाय होडीच्या वरच्या मजल्याकडे वळले. ते मागच्या कोपऱ्यात निळ्या कठड्याला टेकून बसले. हॉलच्या खिडकीसमोरचा पडदा सरकवला. शाळेचं अंगण पाण्याने भरलं होतं आणि खिडकीबाहेर पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी हळूच घंटेची दोरी ओढली. त्याबरोबर शाळा सुटली असं समजून सगळी पोरं दप्तरं उचलून पळाली.

बायको खाली येऊन उभी राहिली. तिच्या हातात कुलूप होतं.

"अहो, पोरं घरी पळाली. उतरा आता."

"थांब गं जरा," ते वरून म्हणाले. "किनारा तर येऊ दे."