वर्षपूर्तीचे बूट

नगरपालिकेच्या इंटरनेटचा पहिला डबा बसला तो धाकट्याच्या बूट शिवायच्या दुकानात. थोरला भाऊ नगरसेवक. त्यानेच हट्टाने तो तिथल्या भिंतीवर ठोकायला लावला होता. म्हणाला होता, "बघच तू, आपल्या गल्लीतले बूट आता जगाच्या पायात जातील!"

वर्ष सरलं. डबा इमानेइतबारे लुकलुकत राहिला, पण जगाचं एक पाऊल काही दुकानाकडे वळलं नाही. गेल्या आठवड्यात मात्र दादा स्वतः आला आणि कागदावर पाय ठेवून उभा राहिला. "माप काढ. नेटला वर्ष झालं म्हणून कार्यक्रम आहे, भाषण माझंच आहे." मापाच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून तो घाईने गेला. धाकट्याला कोण आनंद! हातातली कामं त्याने बाजूला सारली असती, पण ती होती कुठे?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच दादा दारात हजर. पायात कोरे करकरीत बूट, आणि चाल लंगडी.

"ऑनलाइन मागवले रे. काय नेट आहे आपलं, एका मिनिटात काम झालं! माप तर तू काढून दिलंच होतंस. फक्त डावा चावतोय." खुर्चीत बसून त्याने तो बूट काढला आणि पुढे केला. "माझ्या पायाचा लाकडी फर्मा आहे ना तुझ्याकडे? त्यावर तासभर चढव आणि जरा सैल करून दे."

फर्मा समोरच्या फळीवर होता. रात्री पॉलिश केलेला दादाचा डावा बूट अजून त्यावरून उतरवायचा होता.