सोड्यांचं कपाट

ग्राफिक्स कार्ड घरी आलं तेव्हा कॅबिनेटमध्ये सुक्या कोळंबीचे सव्वा किलो सोडे होते.

"रिकामं कर," इंद्रजीत म्हणाला. तो बोईसरला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता आणि आज रविवारी दांडीला धीरजच्या घरी त्याचा गेमिंगचा कॉम्प्युटर फुकट जोडून द्यायला आला होता.

"नाय करता येत. आये बघेल."

"मग सांग तिला, हा कॉम्प्युटरचा डबा हाय."

"तिला सांगितलंय, कपाट हाय."

इंद्रजीतनं स्वयंपाकघरात डोकावलं. कोपऱ्यात स्टुलावर कॅबिनेट उभं होतं. पुढून जाळी, बाजूला काच, तळाला सोडे. मदरबोर्ड बसवायचा तिथं बोंबलांची माळ टांगली होती.

"मी रेडीमेड घे म्हणालो होतो," तो म्हणाला. "कार्ड हलकं मिळालं असतं, पण सगळं एका खोक्यात आलं असतं."

"त्या बजेटात गेम अडकत चालला असता."

"आता सोड्यांत अडकलाय."

धीरजची चूक एवढीच, की दर पगाराला एकेक सुटा भाग घ्यायचं ठरल्यावर, सेल लागला म्हणून त्यानं सगळ्यांत आधी कॅबिनेट घेतलं. दारातच आई, मंगला, भेटली. सोड्यांवर मांजरं पडतात म्हणून जाळीचं कपाट आणतो, असं तो कंपनीत लागल्यापासून तिला सांगत होता. मंगलानं जाळी बघितली, काच बघितली आणि विचारलं, "आणलंस?"

यावर नाही म्हणणं अवघड होतं. तो "हां" म्हणाला.

पुढचे भाग येत गेले आणि लपत गेले. रॅम मोज्यात. मदरबोर्ड दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटांच्या फायलीत. ती फाइल घरात कोणीच उघडत नसे, तोही नाही. आणि दर रविवारी आई सोड्यांचं कालवण करायची. "तुज्या कपाटातले," असं म्हणून वाढायची. रेडीमेड घेतला असता तर एकदाच शिव्या बसल्या असत्या. इथं दर आठवड्याला कालवण होतं. वाईट म्हणजे ते चांगलं लागायचं.

मागच्या दारानं मंगला शेजारच्या राहीबाईला घेऊन आली. कपाट दाखवायला. राहीबाईनं ते आधी दोनदा बघितलं होतं, पण तिसऱ्यांदाही तिनं तोंडाला हात लावला.

"आन एवढी भोकं कशाला ग?"

"सोड्यांना हवा नको?"

"आन काच?"

"मांजरांसाठी. दिसतं, पण गावत नाय." मंगलानं काचेवरून हात फिरवला. "बाकीच्यांची पोरं बाजारातनं प्लॅस्टिकचं आणतात. गेल्या साली अर्धे सोडे मांजरांनी नेले, उरले ते मी पडत्या भावात विकले. यंदा ठेवीन. पावसात होड्या वर काडल्या की मग बघू भाव."

राहीबाई इंद्रजीतकडे वळली. "तू दुकानात हाय ना? मला पन एक आण."

"रंगीत लाइटवालं येतं, मावशी," इंद्रजीत सवयीनं म्हणाला.

"लाइट नको. मांजरां रात्रभर बघत बसतील."

"आये," धीरज म्हणाला, "ते कपाट..."

"लाजतो काय? सांग की तिला, कुठून शोधून आणलंस." आणि तो काही सांगायच्या आत दोघी पुन्हा मागल्या दारी गेल्या.

शेवटी इंद्रजीतनं बाहेरच्या खोलीत मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून सगळं उघडंच जोडलं. वायरी लोंबत होत्या. स्क्रीनच्या जागी घरचा टीव्ही. बटण दाबलं, पंखा फिरला, इंद्रजीतनं गेम लावला आणि टीव्हीवर बंदूक घेतलेला एक शिपाई उभा राहिला. धीरजनं या क्षणाची आठ महिने वाट बघितली होती. त्याला काहीच वाटलं नाही, फक्त मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं.

मंगला उभी होती.

"हा कुठल्या सिरीयलमधला?"

धीरजकडे खोटं शिल्लक नव्हतं. "गेम हाय, आये. आन हा कॉम्प्युटर. मी घेतला. एकेक पार्ट करून."

मंगलानं खोक्यावरचा पसारा नीट बघितला. ओरडली नाही. वाकून फिरत्या पंख्यासमोर तळहात धरला.

"असा उघडाच असतो?"

इंद्रजीतनं गुंडाळायची गरज नसलेली एक वायर गुंडाळली.

ती आत गेली. सोडे टोपलीत ओतल्याचा खडखडाट झाला. ती बाहेर आली तेव्हा हातात कपाट होतं, ओल्या फडक्यानं आतून पुसलेलं. तिनं ते बोर्डाशेजारी ठेवलं.

"बघ, यात बसतो का?"

बोर्डाला नऊ भोकं होती, कपाटाला नऊ. त्यांत बसायचे पितळेचे नऊ छोटे बोल्ट इंद्रजीतच्या तळहातावर होते.

"नाय बसत," धीरज म्हणाला.

इंद्रजीतनं मूठ मिटली. "नाय बसत, मावशी."

मंगला खाली बसली. तिनं बोर्डावर वीत ठेवली, या भोकापासून त्या भोकापर्यंत. तशीच वीत उचलून कपाटात ठेवली; बोटं बरोबर भोकांवर आली. पुन्हा बोर्डावर. धीरज टीव्हीकडे बघत राहिला. तिथं शिपाई मरून पडला होता, कारण त्याला कोणी हलवलंच नव्हतं.

मग तिनं कपाट उचलून कडेवर घेतलं.

"हां," ती म्हणाली. "नाय बसत."