मुलं किती?

व्हेनिसमध्ये, तेही कालव्याकाठच्या जुन्या वस्तीत, एवढं ऐसपैस घर आपल्याला इतक्या सहज मिळतंय हेच ऑर्नेलाला खटकत होतं. वाढीव किंमत देणारी परदेशी गिऱ्हाइकं घरमालकीण नेरीनाने दारातूनच वाटेला लावली होती. ऑर्नेलाने भिंतींचा वास घेतला, फरश्या ठोकून पाहिल्या. कुठे ओल नाही की तडा नाही!

त्यात गल्लीतला जो तो तिच्या मुलांचीच चौकशी करायचा. पाववाल्याने विचारलं, "मुलं किती?" पुलाजवळची मासेवाली म्हणाली, "वय काय गं त्यांचं?"

"तूल्यो, या घरात कुणाच्या तरी लेकराचं वाईट झालंय. सगळे लपवतायत," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू पोलिसात भरती व्हायला हवं होतंस," तो हसला. पण त्या रात्री त्यालाही झोप लागली नाही.

सह्यांच्या दिवशी ऑर्नेलाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"आजी, आधी खरं काय ते सांगा. अख्ख्या गल्लीचा माझ्या जुळ्यांवर डोळा का?"

नेरीना वरमली. "रागावू नकोस, पोरी. सहा वर्षांची आहेत ना दोघं? आणि इथेच राहणार ना, बारा महिने?"

"हो. पण का?"

 म्हातारीने घाईघाईने फोन लावला.



"बाई, शाळेला कुलूप लावू नका. पहिलीच्या वर्गाला कमी पडणारी दोन मुलं मिळाली!"